विंगेतली खुर्ची

४ फेब्रुवारी
कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर. कलेसाठी. कॉलेजातल्या निळ्या सायकलवालीनेही त्याच अभिनयाच्या क्लासला नाव घातलंय, हा निव्वळ योगायोग. बाबांनी पेपर खाली न घेताच विचारलं, अभिनय घरात काय कमी करतोस? संकल्प: यापुढे रागवायचं नाही.

६ फेब्रुवारी
क्लास फर्निचरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये. आणि शिकवणाऱ्या बाई नटी नाहीतच. बावीस वर्षं प्रॉम्प्टर! म्हणजे विंगेत खुर्ची टाकून बसायचं, नट अडला की पुस्तकात बघून हळूच वाक्य द्यायचं. स्टेजवर एकदाही पाऊल नाही, आणि या मला घडवणार. म्हणाल्या, नट वाक्य विसरण्याआधी श्वास विसरतो. मी बावीस वर्षं श्वास ऐकले, तेच शिकवणार. मी लांबलचक स्वगत पाठ करून गेलो होतो. म्हणाल्या, राहू दे, आधी बस.
दीड तास बसलो.

९ फेब्रुवारी
आजही बसलो. डोळे मिटून शेजाऱ्याचा श्वास ऐकायचा. शेजारी बँकेतून रिटायर झालेले काका. मी बाईंना सांगितलं, काका झोपलेत. खरंच झोपले होते.

१३ फेब्रुवारी
बाईंना स्पष्ट विचारलं, संवाद कधी? म्हणाल्या, तू ऐकतोस कुठे, फक्त स्वतःची पाळी यायची वाट बघतोस. ताडकन उठलो. दार आपटून बाहेर. बॅग आतच राहिली. परत गेलो, बॅग घेतली, दार पुन्हा आपटलं. जरा हळू.
क्लास सोडल्याचं पत्र लिहिलं. झणझणीत. योग्य वेळी देणार. तूर्त खिशात.

१७ फेब्रुवारी
नवा गृहपाठ. एक माणूस निवडा, तीन आठवडे न्याहाळा, मग एक शब्द न बोलता करून दाखवा. वर्गाला ओळखता आला पाहिजे. त्यावरून क्लासच्या नाटकातल्या भूमिका ठरणार. नायिका निळी सायकल, यात शंकाच नाही. तेव्हा नायक मी.
मी कोपऱ्यावरचा सलूनवाला निवडला. लहानपणापासून बघतोय, वेगळं बघायला कशाला जायचं?

२१ फेब्रुवारी
ती माझ्याकडे बघते. चक्क टक लावून. मग वहीत लिहिते.

२६ फेब्रुवारी
केसांतून हात फिरवला. तिने लिहिलं. पुन्हा फिरवला. तिने मान डोलावली. ताईला सांगितलं, कविता करते बहुतेक. ताई म्हणाली, वही बघितलीस का? प्रेमात वह्या तपासत नाहीत. ताईला काय कळणार.

३ मार्च
ती आपणहून बोलली! विचारलं, राग आला की तू आधी उठतोस की आधी बॅग शोधतोस? किती बारीक काळजी. म्हटलं, आधी उठतो. लिहून घेतलं. मुलगी संसाराचा विचार करतेय.

१० मार्च
माझा सलूनवाला. कुणी शिंपी म्हणालं, कुणी दातांचा डॉक्टर. काका म्हणाले, मेंढ्या कातरणारा. प्रेक्षकांची पातळीच नाही.
मग ती. आत आली, कुणी बघतंय का बघितलं, केसांतून हात फिरवला. बसली, पाय हलवत राहिली. ताडकन उठून दार आपटून गेली. परत आली, बॅग उचलली, दार पुन्हा आपटलं, जरा हळू. वर्ग लोळला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. काकांना कोपर मारून विचारलं, कोण हो हे येडं? काकांनी नुसता पाठीवर हात ठेवला.
सायं. ७. घरी येऊन केसांतून हात फिरवला. हात तिथेच थांबला.

११ मार्च
नाटक बाप-लेकीचं आहे. मुलगी ती. बाप काका. मला प्रॉम्प्टिंग. बाई म्हणाल्या, काका झोपलेत हे श्वासावरून फक्त तूच ओळखलंस. माझी खुर्ची घे. मी येणार नाही, असं ठणकावून सांगितलं. घरी आल्यावर, आरशाला.

२४ मार्च
फक्त पत्र द्यायला गेलो. आज सगळे पहिल्यांदा पुस्तकाविना करणार होते. बाई कामात, म्हणून थांबलो. उभं कशाला राहायचं, म्हणून बाईंच्या खुर्चीत बसलो, तिथलं पुस्तक मांडीवर उघडलं. दुसऱ्या प्रवेशात तिचा श्वास अडला. माझ्या तोंडून वाक्य गेलं. ती पुढे बोलत गेली, इकडे न बघता.
खुर्चीचा एक पाय आखूड आहे. पत्राच्या चार घड्या केल्या. पायाखाली बरोबर बसलं.