धुरांड्याचा ठराव

दि. ५ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय चैतराम,
रामराम.

तू आणि तुझी लेक टीना बरे असाल. भिलाईची थंडी तुझ्या गुडघ्यांना सोसते का? इथं सकाळी एवढं दव पडतं की लाखोळीच्या बांधीतून चालून आलं की पायजमा पिळून घ्यावा लागतो. धान घरी आलं, यंदा बरं झालं. आमची सुलोचना विचारत होती, चैतरामभाऊ यंदा मंडईच्या जत्रेले काऊन नाही आले? मी म्हटलं, गुडघे दुखतात. बाकी सगळं ठीक.

फोन असताना हा माणूस कागद कायले खराब करून राहिला, असं तू म्हणशील. फोन मी तीनदा लावला. तू "बोल गा सरपंच" म्हणून हसतोस, आणि मी धानाच्या भावाचं काहीतरी बोलून ठेवून देतो. कागद हसत नाही, म्हणून कागद घेतला.

गुड्डू भिलाईला तुझ्याकडं येऊन गेला, तेव्हा आपल्या राईस मिलची बातमी त्यानं सांगितलीच असेल. तू गाव सोडून गेल्यावर, दिवाळीनंतर, बॉयलर कापला. चार दिवस गॅसकटर चालू होता. तू ज्या झडपांना मिल बंद पडल्यावरही वीस वर्षं तेल घालत होतास, त्या ट्रकमध्ये फेकताना मी रस्त्यावर उभा होतो. सरपंच म्हणून उभं राहावंच लागलं. भोंगा मात्र मी भंगारात जाऊ दिला नाही. सरळ सांगायचं तर पोत्यात घालून घरी आणला. आमच्या धानाच्या ढोलीमागं ठेवला आहे.

त्या भोंग्यावर आपलं सगळं गाव चालायचं. आठला तू दोरी ओढलीस की आमची आई चुलीतलं लाकूड पुढं ढकलायची, आणि पाचच्या भोंग्याला सुमित्राबाई आणि बाकीच्या रेजा, साऱ्या मजूर बाया, ओट्यावरून उतरायच्या. उकडलेलं धान उन्हात पायानं फिरवून फिरवून त्यांचे तळवे पिवळे पडलेले असायचे. गावात कुणाचा बाप, कुणाची आई, कुणाची सासू त्या मिलमध्ये राबली नाही असं घर दाखव. मी हे भाषणात छान बोलतो. पंधरा ऑगस्टला बोललोसुद्धा, म्हणजे सगळं करून झाल्यावर.

जिल्ह्याहून ते साहेब आले होते, आठवतं? मे महिन्यात, डोक्याला रुमाल बांधून. बॉयलरवरची तारीख त्यांनी बोटानं पुसून वाचली आणि म्हणाले, एवढं जुनं आणि एवढं नीट ठेवलेलं आमच्या पाहण्यात नाही. मिलच्या जागेचा पट्टा संपून ती ग्रामपंचायतीकडे आली आहे, तेव्हा ग्रामसभेनं जतनाचा ठराव करावा, पुढचं आम्ही बघतो. एक ठराव. तेवढंच हवं होतं. तू त्याच दिवशी वहीच्या कागदावर अर्ज लिहून आणलास, बॉयलर आणि धुरांडं राहू द्यावं, ओट्यावर वाचनालय करावं. सुमित्राबाई मला चावडीसमोर अडवून म्हणाली, "सरपंच, आमी साऱ्याजणी हात वर करू. तारीख तेवढी सांगजा."

तारीख तेवढी सांगायची होती, चैतराम. तेवढंही मी केलं नाही.

ग्रामसभा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवली. रोवणा ऐन भरात होता, सगळं गाव धान लावायला बांधीत. कोतवाल मंगरूनं दवंडी दिली, पण दुपारी बाराला, जेव्हा गावात म्हातारे आणि कोंबड्याच होत्या. सभेला नऊ जण आले. कोरम नाही म्हणून तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे आपल्या गावात मला आणि ग्रामसेवकाला सोडून कुणाला माहीत होतं? चार दिवसांनी ती पुन्हा भरली, तेव्हा अकरा जण होते. मिल पाडून तिथं दुकानांचे गाळे बांधायचा ठराव दहा मिनिटांत लिहून झाला.

तू धावत आलास ते सह्या झाल्यावर. गुडघ्यापर्यंत चिखल होता तुझ्या.
"उमराव, दुसरी तारीख नाही भेटली काय गा? रोवण्यातच काऊन?"
मी म्हटलं, "वरून आली तारीख. माह्या हातात काय हाये?"
तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता शिवी देशील. तू खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "मंग तुहा काय दोष. जाऊ दे."
तो चिखलाचा हात माझ्या सदऱ्यावर उमटला होता. सुलोचनाला तो धुऊ द्यायलासुद्धा मला लाज वाटली.

वरून कोणतीही तारीख आली नव्हती. दोन्ही तारखा मी निवडल्या. दवंडीची वेळसुद्धा मीच मंगरूला सांगितली, त्या बिचाऱ्याला बोल लावू नको. बाया बांधीत वाकलेल्या असतील, हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण त्यातल्या सहा माझ्याच बांधीत होत्या.

का केलं, हे तू विचारशील. आपल्या पोराला, हिमांशूला, एक गाळा मिळेल, मोबाइलचं दुकान टाकेल, पुण्याला जायचं खूळ डोक्यातून जाईल, असं वाटत होतं. तो सप्टेंबरातच गेला. पण तेवढंच कारण नाही. भरल्या सभेत तू एका बाजूला आणि मी दुसऱ्या, आणि सगळं गाव तुझ्या बाजूनं हात वर करणार, हे मला बघायचं नव्हतं. सरपंच मी होतो ना. भित्रा माणूस मतानं हरण्यापेक्षा तारखेनं जिंकतो, तसा जिंकलो. गाळ्यांचा पाया खणून ठेवलाय, त्यात हिरवं पाणी साचलंय. वरची मंजुरी अडली आहे. या वेळी खरोखरच वरून.

आणि तू लोकांना काय सांगतोस, तर उमरावनं खूप धडपड केली. गुड्डूनं मला हे कौतुकानं सांगितलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आता धुरांडं तेवढं उभं आहे. घरं जवळ असल्यामुळं ते पाडायला वेगळी परवानगी लागते. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो विषय चौथा आहे. ही तारीख मी निवडलेली नाही. शेतात त्या दिवसांत कुणी वाकलेलं नसतं. दवंडी संध्याकाळी द्यायला सांगितली आहे आणि सुमित्राबाईच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. तिनं पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. तिला कळलं असावं.

मी त्या सभेत आधी जुलैची गोष्ट सांगणार आहे, या पत्रात लिहिली तशीच. मग धुरांडं जतन करण्याचा ठराव मांडणार आहे. त्यानंतर लोक मला खुर्चीवर ठेवोत न ठेवोत. पण सभेत ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. बॉयलर परत आणता येत नाही. तुझ्यासमोर उभं राहून हे बोलायला हवं होतं, तेही मला जमलं नाही. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण तो शब्द माझ्या हातून फार स्वस्त दिसतो.

मतदार यादी पाहिली. तुझं नाव अजून आपल्याच गावात आहे. न आलास तरी मी समजेन. आलास आणि माझ्याशी बोलला नाहीस, तरी समजेन. भोंगा पुसून ठेवला आहे, तो तुझाच आहे.

ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. सूचक म्हणून माझं नाव लिहिलंय. अनुमोदकाच्या पुढची ओळ मी कोरी सोडली आहे. ती दुसऱ्या कुणाला भरू देणार नाही.

तुझा म्हणवून घ्यायची अजून सवय असलेला,
उमराव