बसता बसता मोडलेलं हाड

माय, भावजयीनं तुले ढकललं होतं का, एवढंच सांग. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी मी याच प्रश्नावर अडकून आहे.

आधी तुझं डोकं गेलं. बीटी कपाशी नवीनच आली होती, साऱ्या शिवारात तीच. आपण वेचणीले गेलो आणि तुझ्या ओटीत फुटलेल्या कापसासोबत हिरवी बोंडं निघाली. जन्मभर कापूस वेचलेली बाई तू. एक जण म्हणाली, "बुढीनं वजन वाढवायचा नवा धंदा काढला." बायका हसल्या, मी नाही. मले वाटलं, फवाऱ्याचं औषध डोक्यात गेलं. मग वाटलं, या नव्या सरकीची ढेप खाल्लेल्या म्हशीचं दूध बाधलं. कोणावर तरी संशय घेतल्याशिवाय मले चैन पडत नाही, तुले माहीत आहे.

पुढच्या हंगामात तू बाजेवर बसायले गेलीस आणि खुबा मोडला. भावजय म्हणे, "बाई, त्या नुसत्या टेकल्या हो, अन् कडकन वाजलं." बसल्यानं कोणाचं हाड मोडते? मी तिले बाहेर काढलं, दार लावलं, तुझ्या अंगावर वळ शोधले. एकही नव्हता. मग तुले विचारलं. तू म्हणालीस, "तिनं ढकललं मले." त्या दिवशी तू मलेच भावजयीच्या नावानं हाक मारून राहिली होतीस. बाबा गेले हे विसरली होतीस. तरी एवढं एक खरं बोललीस, असं मी धरलं. तेव्हापासून भावाच्या घरचं पाणी घेतलं नाही.

आता माझं मनगट मोडलं. अर्धी बादली उचलत होते, सून शेजारी उभी होती. खामगावच्या डॉक्टरीणबाईले मी तुझंही सगळं सांगितलं. ती म्हणाली, हाडं ठिसूळ झाली की बसतानाही मोडतात. आणि शरीरातल्या पेशी एकमेकींले निरोप धाडतात म्हणे. हाड बांधायचा निरोप ज्या वाटेनं जातो, तीच वाट मेंदूतही आहे. ती मंदावली की इकडे हाड झिजते, तिकडे आठवण, असं शोधणाऱ्यांले दिसून राह्यलं. मी म्हटलं, कशावरून? "पक्कं नाही मावशी, अजून तपासणं चालू आहे." पक्कं नाही म्हणाली, म्हणूनच थोडा विश्वास बसला. ढेपीचं विचारलं तर तसा काही पुरावा नाही म्हणाली. पण तू जे बोललीस, ते माझ्या मनातच राहिलं.

घरी आले तर शेजारीण सुनेकडे बघून मले हळूच म्हणते, खरं सांग, कोणी केलं? पोरीच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. मग मी वेचणीच्या साऱ्या बायकांले ओट्यावर बोलावलं, सुनेले मधात बसवलं आणि सांगितलं, "हात आपोआप मोडला. माहं डोकं शाबूत आहे तोवर ऐकून ठेवा. उद्या मी म्हटलं हिनं ढकललं, तर माहं ऐकू नका."

सून म्हणाली, "आत्याबाई, हे दरसाल सांगत जा." सगळ्या हसल्या.

भावजयीच्या वेळी तिच्या बाजूनं असं कोणी बोललं नव्हतं. तिनं ढकललं नसेल, असं आता मले वाटते. पण तिच्या दारात अजून गेले नाही. गेले तर माझी माय चुकीचं बोलली, असं माझ्या तोंडानं म्हणावं लागेल. ते तेवढं होत नाही.