बोक्याची रेघ

कुंभकोणम्, १२ ऑगस्ट २०२४

अण्णा,

वकील विजयराघव जिना उतरले तशी मी दार लावलं आणि आईला पुन्हा विचारलं. ती दूध आटवत होती. वळली नाही.

नमस्कार राहिलाच, तो घे. वहिनींचा गुडघा कसा आहे?

अप्पांच्या चित्रकथेतला बोका पुन्हा विकला गेलाय. मद्रासच्या मासिकानं छापखान्याला दिला, छापखान्यानं मुंबईच्या कंपनीला. ती आता त्याची फिल्म काढणार आहे. त्याआधी आपला त्यावर हक्क नाही असं आपण सही करून द्यायचं. कागदांत त्याचं नाव ‘पोक्का’ आहे. तमिळ लिपीत ब आणि प एकच. तमिळमध्ये ‘पोक्कै’ म्हणजे बोळकं, म्हणून पोरांना तो नेहमी बोळक्याच वाटला.

विजयराघव म्हणाले, “अप्पा मासिकाचे पगारदार. पगारात काढलेलं चित्र मालकाचं. प्रत्येक विक्रीबरोबर ते पुढे गेलं.” चपला घालताना म्हणाले, “दुसऱ्या कुणी काढलं असतं, तर विकणाऱ्यांचं ते नव्हतंच.”

तू फोनवर म्हणालास, पडद्यावर अप्पांचं नाव येतंय, सही करून टाक. मी बरं म्हटलं. पेन हातात घेते, ठेवते. गच्चीवर जाते, खाली येते.

बोका एका रेघेत आहे, अण्णा. ठिपक्यांभोवती वळणारी, हात न उचलता काढलेली रेघ. अप्पांना ती कधी आली नाही. आई दारात ठिपक्यांची रांगोळी, कोलम, काढायची, त्यातून तो निघताना मी पाहिलाय. आधी अप्पा कागदावर उतरवून घ्यायचे. जमेना, तेव्हा कागदही आईकडेच आले. तू शाळेत असायचास.

कंपनीचं नवं चित्र मी तिला दाखवलं.

“शेपटीपाशी हात उचललाय,” ती म्हणाली.

“मग सांगू का, तू काढलास म्हणून?”

“आणि तुझ्या अप्पांनी काय केलं म्हणशील? उंदीर धरले?”

मी हसले. ती हसली नाही.

सांगितलं तर बोका घरी येतो आणि अप्पा खोटे ठरतात. प्रत्येक चित्राखाली त्यांची सही आहे. नाही सांगितलं तर आई कुठेच नाही. तू चिडशील, हे धरूनच लिहिते आहे.

तुझ्या होकारासाठी थांबेन असं लिहिणार होते. थांबणार नाही.

तुझीच,
गायत्री

ता. क. सकाळी मी उठायच्या आत आई रिक्षा करून विजयराघवांकडे गेली. चित्रं तिची, गोष्टी अप्पांच्या, असा जबाब देऊन आली.