आमवातावर मात

भोर, १७ जानेवारी २०२५

ती. रतनवहिनींस,
मालिनीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे धडधाकट आहेत आणि आता त्यांत माझीही गणना झाली आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बोटं मोकळी राहावीत म्हणून रोज पानभर लिहायला सांगितलंय. म्हटलं, वहिनीलाच लिहावं. फोनवर तुम्ही स्पीकर लावता आणि माझ्या सांध्यांची खबर अख्ख्या पालीला कळते.

दोन वर्षं आमवातानं धरलेली बोटं आता वळतात. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या, त्यातही आठवड्यातून एकदाच घ्यायची ती, लागू पडल्या, सूज गेली, रक्ताचा रिपोर्टही सुधारला. ह्यांनी तो रिपोर्ट देवघरात ठेवला आणि मी बरी झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून धुण्याभांड्याला येणाऱ्या अश्विनीला येऊ नको म्हणून सांगितलं. घरातली बाई बरी असताना मदतनीस कशाला, असा ह्यांचा सवाल.

पण वहिनी, मी दमते. भाताची लावणी करून आपण दमायचो ते वेगळं, त्यात रात्रीची झोप झाली की माणूस सकाळी नवं. हे दमणं सकाळी माझ्या आधी उठून बसलेलं असतं. आंघोळ करून आले की केस पुसायला हात वर जात नाहीत. शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारते, तर अकरा वाजेपर्यंत शिक्का पाट्याएवढा जड होतो.

हे सांगावं तर प्रत्येकाकडे औषध तयार. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लवकर उठायला सांगितलं, हेडमास्तरांनी सकारात्मक विचार करायला. ह्यांच्या एका मित्रानं तर थकवा त्यालाही फार येतो असं सांगत माझ्या हातचा चहा दोनदा घेतला.

त्यावर कळस म्हणजे दोन फेब्रुवारीला महिला मंडळाच्या हळदीकुंकवात माझा सत्कार आहे. फलकावर ‘आमवातावर मात’ असं लिहिणार आहेत. मी सावकाश नकार देत होते, तोवर फलक रंगवायला गेलासुद्धा.

दादाला नमस्कार. तुमचा लोभ तरी दमू देऊ नका.

तुमची,
मालिनी


पाली, २३ जानेवारी २०२५

चि. सौ. मालिनीवन्संस,
रतनबाईचे अ. उ. आ.

तुमचं अक्षर बगून लई बरं वाटलं. तुमच्या दादांनी पत्र दोनदा वाचलं, मंग बाहेर जाऊन नाक शिंकरून आलं.

रागवू नका, पर दमायचं काय मला पटलं न्हाई. आमी हितं शनवार-रविवार गड चढायला येनाऱ्या पोरापोरींसाठनं शंभरएक भाकरी थापतो. दमतो, पर कुनी पत्र लिवत न्हाई. ती पोरं बी गडावरनं उतरली की आमच्या वट्यावर आडवी व्हत्यात. म्या लिंबाचं सरबत देते, तासाभरात उड्या मारत्यात. तुमी बी चार दीस या, पायथ्याला हिंडलात की अंग हलकं व्हईल. नजर बी काढू. रिपोट चांगला आला तर सगळ्या भोरला दाखवायचा कशाला?

आन् एक सांगते. त्या आठवड्याच्या गोळीनंच गळाटा येत असंल. चार येळा सोडून बगा. आमच्या शेजारच्या सावळारामनं साखरंच्या गोळ्या सोडल्या, अजून हिंडतोय की.

सत्काराला नवी साडी नेसा. माया हाय तशीच हाय, ती मोजायला बसू नका.

तुमची वयनी,
रतन


भोर, १ मार्च २०२५

ती. रतनवहिनी यांस,
मानसिंगचा सा. न. वि. वि.

फोनवरचे बोलणे रेकॉर्डवर राहत नाही, सबब लेखी कळवीत आहे. कचेरीत तीस वर्षे काढल्याने मला असेच लिहिता येते, क्षमा असावी.

आपल्या नणंदेचा रक्ताचा रिपोर्ट समाधानकारक असूनही थकवा येत असल्याची तिची तक्रार चालू आहे. रिपोर्ट मी स्वतः तीन वेळा वाचला. त्यात थकव्याचा उल्लेख नाही.

सत्कार ठरल्याप्रमाणे पार पडला. तिच्या अदम्य उत्साहावर तीन भाषणे झाली. दुसऱ्या भाषणाच्या सुमारास सत्कारमूर्तीस व्यासपीठावरच झोप लागली. अंगावर शाल असल्याने ती गाढ लागली असावी. अध्यक्षीणबाईंनी प्रसंगावधान राखून ध्यान लागल्याचे जाहीर केले व टाळ्या झाल्या. मला मात्र पहिल्या रांगेत बसवेना. घरी आल्यावर मी तिला बरेच बोललो.

आता मुख्य मुद्दा. आठवड्याची गोळी तिने पाच वेळा घेतलीच नाही, असे परवा उघडकीस आले. विचारणा करता तिने आपले पत्र पुढे केले. उजव्या हाताची बोटे पुन्हा सुजली आहेत. आज सकाळी तिला नळ फिरवता आला नाही. ती नळापुढे उभी राहून रडत होती, आणि मी काय विचारले, तर चहा झाला का. हे लिहायचे नव्हते. लिहिले गेले आहे, खोडत नाही.

तरी आपण तातडीने यावे. लोभ पूर्ववत चालू ठेवण्याची कृपा व्हावी.

आपला,
मानसिंग


भोर, ८ मार्च २०२५

शिवानीच्या बाबांस,
रतनचा नमस्कार.

फोनच्या रेंजसाठनं तुमी पान्याच्या टाकीवर चढत न्हाई, म्हनून ही चिठ्ठी आपल्या गावच्या गोरखच्या हाती धाडते. भाकऱ्यांचं तुमी आन् शिवानी दोगं बापलेक मिळून बगा.

खोटं कशाला बोलू, म्या हितं आले ती वन्संचं सोंग पकडायलाच. तीन दीस मागं मागं हिंडले. दुसऱ्या दिवशी त्या कनकेचा गोळा हातात घेऊन वट्याला टेकून उभ्या होत्या. डोळं उघडं, पर मानूस तिथं न्हाई. म्या हाक मारली तर हसल्या. म्या गोळा काढून घेतला. आपल्या म्हशीनं चारा सोडला तर मला दारातनं कळतं. हितं घरचं मानूस पत्रात लिवून सांगत हुतं, आन् म्या त्याला सरबत पाजायला निगाले.

काल तिगं पुन्याला गेलो. जावईबापूंनी डाक्टरीनबाईंपुढं रिपोट ठिवला, आन् ह्यात थकवा कुटं हाय म्हनून इचारलं. बाईंनी सांगितलं, तो कागदावर दिसत न्हाई. सूज उतरली, दुखायचं थांबलं, तरी ह्या आजारात लई जनांना तो मागं ऱ्हातो. त्यो आळस न्हवं. मंग त्यांनी गोळ्या कुनाच्या सांगन्यानं सोडल्या ते इचारलं. वन्सं फरशीकडं बगाय लागल्या. जावईबापू छताकडं. म्या म्हनलं, माज्या सांगन्यानं. तोंड लपवायला पदर पुरंना.

बाई वरडल्या न्हाईत. गोळीचा तरास वाटला तर त्यांनाच सांगायचं, आपल्या मनानं सोडायची न्हाई म्हनाल्या. रगत कमी हाय का, झोप नीट लागती का, मन खचलंय का, ते बी त्या बगनार. कामं वाटून घ्यायची, मधी मधी टेकायचं, झेपंल तेवढं रोज चालायचं. जावईबापूंनी हे समदं लेखी मागितलं. बाईंनी दिलं. मंग त्यांनी शिक्का मागितला! बाई हसल्या, पर मारला.

मी आनखी आठ दीस ऱ्हाते. जीव तुमच्याकडंच हाय, पर हात हितं पायजेत.

रतन


भोर, २१ एप्रिल २०२५

ती. रतनवहिनींस,
मालिनीचा सा. न. वि. वि.

कळवण्यास आनंद होतो की माझा थकवा मंजूर झाला आहे. ह्यांनी त्या कागदाच्या प्रती काढल्या. एक फ्रिजवर, एक हेडमास्तरांच्या टेबलावर, एक ह्यांच्या खिशात. वरच्या काकूंना जिन्यात थांबवून वाचून दाखवला. दोन वर्षं मी तोंडानं सांगत होते ते कुणाला पटलं नाही, डॉक्टरीणबाईंच्या चार ओळींत पटलं. मला राग यायला हवा, आणि येतोही. सध्या तो आठवड्यातून दोनदाच काढते.

गोळी पुन्हा सुरू झाली, सूज हळूहळू उतरते आहे. रक्त कमी निघालं, त्याचंही औषध चालू आहे. अश्विनी परत आली. संध्याकाळचा स्वयंपाक हे करतात. भाजीत मीठ घालण्यापूर्वी मला लेखी विचारत नाहीत एवढंच. थकवा मात्र गेलेला नाही. काही दिवस बरे जातात, काही दिवस मी उशीवरून मान उचलेपर्यंत नऊ वाजतात. तुम्ही प्रत्येक फोनवर माझी माफी मागता ते आता पुरे. चूक कबूल करणारं माणूस ह्या सगळ्यात मला तुम्ही एकच भेटलात.

काल रविवारी दुपारी मी आडवी झाले. आपल्याकडच्या बायका दुपारी टेकतात त्या मांडीवर तांदळाचं ताट घेऊन, म्हणजे कुणी आलं तर निवडत होते म्हणता येतं. काल मी ताट घेतलं नाही. दार सताड उघडं होतं आणि नेमक्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. मी उठले नाही. ह्यांनी दारातच त्यांना हळू आवाजात सांगितलं की मालिनी दमली आहे, झोपू दे तिला. बाईंनी आश्चर्यानं विचारलं, बऱ्या झाल्या होत्या ना? ह्यांनी खिशाला हात लावला नाही. म्हणाले, ती सांगते दमले, म्हणजे दमली आहे.

मी जागीच होते वहिनी. डोळे मिटून ऐकलं, आणि कुशीवर वळून झोपले.

दादाला नमस्कार. उत्तर सवडीनं लिहा, माझी काळजी मात्र बसून करा.

तुमची,
मालिनी