ओयगुलची इशखोना

मार्गिलान, ३ मार्च

चि. नोझिमास अनेक आशीर्वाद.

ताश्कंदची थंडी ओसरली असेल. इकडे जर्दाळू फुलले, पण घर रुसलंय. परवा तुझ्या धाकट्या बहिणीला, ओयगुलला, बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईने, सालोमतबाईंनी, विचारलं की मुलीची इशखोना कुठे, म्हणजे कामाला कुठे जाते? तुझे बाबा भोळेपणाने बोलून गेले की तिला कुठली इशखोना, ती घरीच रेशीम विणते. बाई म्हणाल्या, बरंच झालं, म्हणजे मोकळीच. आमच्याकडे बारा माणसांचा स्वयंपाक असतो.

ओयगुलने दाराआडून ऐकलं. तेव्हापासून माग बंद. म्हणते, ताईसारखी बँकेत लागते. त्यात मुलगा, जहोंगीर, तिला आवडलाय. काय करावं ते कळव.

तुझी आई

ताश्कंद, ९ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग बाबांचा राग आला. मी रोज ‘इशखोनेत जाते’ म्हणून निघते आणि दुपारपर्यंत चहाच पीत बसते, तरी मी कामाची. ओयगुल उजाडल्यापासून मागावर, आणि ती मोकळी! बाबांना म्हणावं, शब्द जरा सावकाश म्हणून बघा. इश म्हणजे काम, खोना म्हणजे खोली. ती खोली कुणाच्या घरात नसावी, असं त्यात कुठे आलंय? आमच्या बँकेत खोना पुष्कळ आहेत, इश शोधावं लागतं. पाहुणे पुन्हा आले तर बाबांनी न लाजता सांगावं. आणि त्या वेडीला मागावर बसव.

माया आहेच, ती राहू द्यावी.

तुझी नोझिमा

मार्गिलान, २८ मार्च

प्रिय नोझिमा ओपा,

काल सालोमतबाई न कळवता आल्या. बाबांनी चहा ओतला आणि ऐटीत सांगितलं की मुलगी इशखोनेत आहे, हातातली नक्षी पुरी झाली की येईल. बाईंनी विचारलं, कुठे लागली? बाबांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. मी आतून सगळं ऐकत होते. पण मागावरून उठले नाही.

तेवढ्यात दार वाजलं. ओपा, या खोलीचं दार आजवर कुणी वाजवलेलं नाही. कोंबड्यासुद्धा सरळ आत शिरतात. बाहेरून सालोमतबाई विचारत होत्या, आत येऊ का, की काम मोडेल?

बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, आमची अंगणाकडची खोली उजेडाची आहे, रिकामी करून दिली तर माग मावेल का? मी म्हटलं, मोजून बघावं लागेल.

उद्या जहोंगीर मागाची मापं घ्यायला येतोय. आई म्हणते, मापं तिच्यासमोरच घ्यायची.

तू लवकर ये. लोभ मागत नाही, तो माझा हक्कच आहे.

तुझी ओयगुल