क्रेन तीन ठिपक्यांपलीकडे

४ नोव्हेंबर, मंगळवार

वेबसाइट आहे की फ्लेक्स? आज घरात हाच वाद. मी जीव तोडून सांगितलं — गूगलवर आपलं पान आलं की वर एक निळी ओळ दिसते, ती टायटल टॅगची. खाली दोन ओळी वर्णन. तेवढंच वाचून माणूस ठरवतो, उघडायचं की नाही. तिथे काय हवं? क्रेन! पण ऐकतंय कोण.

नानासाहेबांनी मजकूर आणला होता. हे माझे चुलत दीर. कुरुळीतल्या खांबाखांबावर हात जोडून उभे असतात. "मा. श्री. रंगरावशेठ यांच्या आशीर्वादाने, युवा नेते मा. नानासाहेब यांच्या सौजन्याने, रंगराव क्रेन सर्व्हिस." रंगरावशेठ म्हणजे माझे मामंजी. ते खूश. "ह्येच टाक, सूनबाई. मानपान मोडायचा न्हाई." म्हणजे रंगरावांच्या धंद्याला आशीर्वाद रंगरावांचाच!

५ नोव्हेंबर

टाकलं. मला काय.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज फोनवर शोधून पाहिलं. "मा. श्री. रंगरावशेठ यांच्या आशीर्वादाने, युवा नेते मा. ना…" पुढे तीन ठिपके. क्रेन त्या ठिपक्यांच्या पलीकडे! कंपनीत मशीन उतरवायचं म्हणून क्रेन शोधणारा हे वाचून काय समजेल? कुणाचातरी वाढदिवस.

नानासाहेबांना दाखवलं. त्यांना वाईट वाटलं ते स्वतःचं नाव तुटल्याचं. "मग माझं आधी घ्या की, वहिनी!" धन्य.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आता कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द! नानासाहेबांच्या मोशीच्या मित्राचा सल्ला — कीवर्डच्या टॅगमध्ये सगळी गावं शंभर शंभर वेळा कोंबा. तो टॅग गूगल कधीपासून वाचतच नाही. तसं म्हटलं, तर रविराज — माझेच यजमान! — म्हणतात, "तुला लई कळतं."

यांचा फोन शिफ्टभर कंपनीच्या गेटवर जमा. वेबसाइटवर नंबर यांचाच. दुसरा मामंजींचा, ते क्रेनवर बसले की इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. वा रे धंदा!

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर क्रेन दारात उभी. आज एक जण बघून गेला — विकत घ्यायला. मामंजी त्याला इंजिन चालू करून दाखवत होते. त्यांचा चेहरा बघवेना.

क्रेन गेली की संपलंच. यांची कंत्राटी नोकरी, आणि मी कायमची पोळपाटाशी. लग्नाआधी तळवड्याच्या आयटी पार्कात वेबसाइटच करत होते मी! हा धंदा मला चालवायचाय. तोंडाने म्हटलंही होतं एकदा. मामंजी म्हणाले, "क्रेनचं काम बायांचं न्हाई." हूक काय मिशांनी उचलतात?

१८ नोव्हेंबर

बदललं. कुणालाही न विचारता.

टायटल: "हायड्रा क्रेन भाड्याने – चाकण, कुरुळी, तळवडे". वर्णन: "मशीन उतरवणे, शेड उभारणे. किती वजन, कुठे, ते फोनवर सांगा." पुढे नंबर — माझा. या घरात फोन उचलणारी मी एकटीच आहे.

मानपान शून्य.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भाकरी तव्यावर आणि फोन! "मॅडम, हायड्रा मिळेल का? महाळुंग्यात प्रेस मशीन उतरवायचंय." मिळेल, म्हटलं. वजन किती, गेट किती उंच, वर वायरी आहेत का — सगळं विचारून घेतलं. भाकरी करपली. करपू दे!

मामंजींना सांगितलं, तर म्हणे, "तुझ्या नंबरावर? आन् माझं नाव?" क्रेन मात्र घेऊन गेले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज आणखी दोन फोन. आणि नानासाहेब! अंगणात उभं राहून ओरडले, "वहिनींनी घराण्याचं नाव पुसलं!" मामंजी खाली मान घालून चहा पीत होते. आता नंबर काढायला लावणार. क्रेन बघून गेलेला माणूसही उद्या इसार घेऊन येतोय. मला रडू आलं, रागाने.

२५ नोव्हेंबर

सकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. कधी येत नाहीत. "त्या मानसाला नगं म्हनून सांगितलं." बाहेर इंजिन चालूच होतं.

"तनुजा, आज क्रेन कुठं न्यायची?"