पानं कापलेली मासिकं

आई, दादाने माळा मोकळा करायला काढला. पाऊस सरला की घराची कौलं उतरवून नवं छप्पर घालायचं ठरलंय, म्हणून माळ्यावरचं सगळं खाली सोप्यावर आलं. मोडका पाळणा, बाबांची गोदीतली टोपी, तांब्याची घागर, आणि सुतळीने बांधलेले तुझ्या विणकामाच्या मासिकांचे गठ्ठे. पाळण्याचं आणि घागरीचं काय करायचं ते दादाला कळलं, मासिकांचं कळेना. त्याने मला फोन केला. "बाय, चवथीक येतली तेन्ना आवयच्या त्या पुस्तकांचें कितें तें कर. ना जाल्यार रद्दीवाल्याक दितां." रद्दीवाल्याचं नाव काढलं की मी धावत येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी आलेच. आता सोप्यावर बसून तुला लिहिते आहे.

ही मासिकं आपल्या घरात आली कशी, ते आठवलं की अजून हसू येतं. लाटंबार्सेत काजूच्या बागायतीपलीकडे कोण काय छापतं हे आपल्याला माहीत नव्हतं. बाबा मुरगावच्या गोदीत कामाला, शनिवारी बस बदलत बदलत घरी यायचे. जहाजांच्या खोल्या झाडणाऱ्या त्यांच्या एका सोबत्याला खलाशांनी टाकलेले कागद मिळायचे. बाबांनी एकदा पावाचे उंडे बांधून आणायला म्हणून त्यातलंच एक मासिक घेतलं. तू उंडे बाजूला ठेवलेस आणि कागद वाचत बसलीस. वाचत म्हणजे काय, बघत. अक्षरं इंग्रजीसारखी, पण कुणाच्या डोक्यावर टिंबं, कुणाच्या डोक्यावर शून्य. भाषा कुठली ते बाबांना ठाऊक नाही, मास्तरांना नाही. तुला नमुन्यांचे चौकोन कळले, तेवढं तुला पुरलं. पुढच्या शनिवारी बाबांनी गठ्ठाच आणला. दुसऱ्या बायकांना नवरे लुगडी आणतात, मला रद्दी, असं तू चारचौघींत म्हणायचीस, आणि म्हणताना तुझा चेहरा असा फुलायचा की ऐकणारीला हेवा वाटावा.

दुपारची भांडी झाली की तू जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, बसायचीस. क्रोशाची एक ओळ झाली की मोजायला म्हणून एका वाटीतली काजूची बी दुसऱ्या वाटीत. दादाने एकदा त्यातल्या बिया चुलीत भाजून खाल्ल्या, आणि रेडिओचं कव्हर इतकं लांबलं की शेवटी ते रेडिओसकट मेजाला घातलं. आपल्या घरात उघडं असं काही राहिलंच नाही. तांब्यावर मणी लावलेली जाळी, आरशाला झालर, पंख्याला टोपी. मला नोकरी लागली, स्कूटर घेतली, तर तिच्या सीटलाही तू पांढरं शुभ्र जाळीचं कव्हर केलंस. डिचोलीच्या ऑफिसात सगळे हसले. "लग्नाची व्हकल आयली गो!" म्हणाले, जशी मी नवरीच. मी मान ताठ ठेवून स्कूटर लावली. महिन्याभरात हेडक्लार्क हळूच जवळ येऊन विचारू लागले, तुमच्या आई माझ्याही स्कूटरला करून देतील का? तुला हे सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, त्यांची सीट केवढी?

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो दिवस वेगळा. मी शाळेत होते. सुट्टीत बसून मी सगळी मासिकं नीट लावली होती, पुठ्ठे घातले होते, आपल्या घरात पुस्तकांचं कपाट झालं म्हणून मिरवत होते. शेजारची काकी आली. तिला चवथीला मखराच्या झालरीसाठी एका फुलाचा नमुना हवा होता. सहा पाकळ्यांचं, पाकळीला पुन्हा बारीक फांद्या फुटलेल्या, असं फूल मी तरी कुठे पाहिलं नव्हतं. तू मला म्हणालीस, कातर आण. मी मासिक पोटाशी धरून रडायला लागले. कापायचं नाही, नकलून घेऊ दे म्हटलं. तू माझ्यावर सहसा ओरडायची नाहीस, त्या दिवशी ओरडलीस. "पेटयेंत घालून कितें करतलें तें? तिच्या हातांत आसूं दी. कातर हाड." आणि माझ्यासमोर तेवढा चौकोन कापून काकीच्या हातात ठेवलास. मी जेवले नाही. रात्री तू खोबऱ्याची कापं आणून माझ्या उशाशी ठेवलीस, पण चुकलं म्हणाली नाहीस. चुकलं नव्हतंच तुझं.

त्यानंतर तू कापतच सुटलीस. कुणाला बाळाचं टोपरं, कुणाला दाराचं तोरण. या खेपेला गठ्ठे उघडले तर जवळजवळ प्रत्येक अंकाला खिडक्या. चवथीआधी पणजीहून एक बाई ते बघायला आल्या होत्या, जुन्या हस्तकलेच्या वस्तू जमवणाऱ्या कुठल्याशा संग्रहाच्या. अंक बघून आधी हरखल्या, मग उघडून हिरमुसल्या. "अरेरे, कुणी हो हे असं केलं? पूर्ण असते तर आम्ही लगेच घेतले असते." मला राग आला. आमच्या आईने केलं म्हटलं, आणि लोकांना द्यायला केलं. बिचाऱ्या चहा पिऊन गेल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण तुझ्याबद्दल कुणी अरेरे म्हटलेलं मला खपत नाही.

काल चवथ झाली. वाड्यावर घरोघरी गणपती बघायला गेले, आणि प्रत्येक मखराला तेच फूल. काकीने केलं, तिच्याकडून सुनांनी घेतलं, लेकींनी सासरी पेडण्याला नेलं. त्याला सगळ्या अजून तुझंच नाव लावतात, आई. मी परत आले आणि गठ्ठे सोप्यावर पसरले, वर कातर ठेवली. आरतीला येणाऱ्या बायकांना म्हटलं, हवं ते कापून घ्या. पोरी बसल्या की फतकल मारून! आरतीची वेळ झाली तरी उठेनात.

आज सकाळी काकी आली, नातसुनेचा हात धरून. पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात तो चौकोन, हळदीच्या डागांसकट. "तुजे आवयन कापून दिल्लो. म्हज्या दोळ्यांक आतां दिसना. तुजें तुका." दादाच्या मुलीने, तू गेल्यानंतर जन्मलेल्या तुझ्या नातीने, अंक चाळून तो तुकडा जिथला तिथे बसवला. छापील ओळ अर्धी तुकड्यावर होती, अर्धी पानावर. ती जुळताच तिने फोन वर धरला. आता फोन कुठलीही भाषा वाचतो. पोरगी किंचाळली, "आते, हें फूल न्हय गो! हें बर्फ! थंडीच्या दिसांक जनेलाक लावपाचो पड्डो!" हिमकणाचा नमुना, खिडकीच्या पडद्यासाठी! मग काकीने कपाळाला हात लावला. "म्हणजे इतलीं वर्सां आमच्या गणपतीक थंडी लागली आसतली!" आम्ही इतक्या हसलो की दादा आतून बघायला आला. मला त्या हसण्यातच रडू आलं, कारण तुझं हसणं त्यात हवं होतं.

अंक आता पूर्ण होता, आई. सगळ्या गठ्ठ्यांतला, तू कापलेला, माझा सगळ्यात लाडका अंक, आणि तो माझ्या मांडीवर पूर्ण. काकीने तो आपणहून दिला होता. मी हात त्यावर ठेवून बसले होते, आणि नातसून त्या तुकड्याकडे बघत होती, तोंडाने काही न मागता. तिने पोटाशी धरलेल्या क्रोशाच्या पिशवीतून सुईचं टोक डोकावत होतं. मी तुकडा उचलला आणि तिच्या हातात ठेवला. तुझ्यासारखं चटकन नाही जमलं मला, पण ठेवला. एवढं तू मला शिकवलंस. आपलं असलेलं लोकांच्या हातात खेळताना बघून सुख वाटावं, ते सुख मला तुझ्यामुळे मिळालं. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही, आज म्हणते. फार दिलंस तू मला.

संध्याकाळपर्यंत बाकीचे गठ्ठे संपले. उरलेल्या चिंध्या वहिनीने बंबात घातल्या आणि माळा मोकळा झाला.

हे पत्र कुठे टाकणार मी? घडी करून त्या अंकातल्या फुलाच्या रिकाम्या खिडकीत ठेवलं, तर कडेने थोडं बाहेर येतं. तो एक अंक मी कुणालाही दिला नाही, आई. पेटीत घातला. ओरड आता.